135 च्या वेगाने टाकणारा क्रिकेटर अमेरिकेत मायनर लीग पिचर होऊ शकतो का? तो मिलियन डॉलरवाला रिंकू सिंग फेलच गेला ना?

तुमचा भाचा 19 वर्षांचा, लेदर बॉलने 135 टाकतो, वरच्या संघात घेत नाहीत, म्हणून अमेरिकेच्या मायनर लीगमध्ये (बेसबॉलच्या मेजर लीगखालचे स्तर) पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, व्हायचा विचार. ठीक. पण आधी प्रश्नातल्या दुसऱ्या वाक्यावर बोलतो, कारण ते वाचलं की माझं डोकं सणकतं.

रिंकू सिंग (कोलकात्याचा सिक्सरवाला नव्हे, भदोहीकडचा) भालाफेक करायचा. 2008 च्या 'मिलियन डॉलर आर्म' या बेसबॉल फेकण्याच्या स्पर्धेआधी त्याने बेसबॉल हातात धरला नव्हता. ताशी 87 मैल, म्हणजे 140 किमी टाकून त्याने एक लाख डॉलर जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग क्लबने त्याला आणि त्याच स्पर्धेतल्या दिनेश पटेलला करार दिला. दिनेश दोन हंगामांत परतला. रिंकूने 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या पायरेट्सच्या मायनर लीग संघाकडून 39 सामन्यांत 72 इनिंग टाकल्या. बेसबॉलमध्ये इनिंगला तीन बाद, तेव्हा 72 इनिंग म्हणजे 216 बाद, तेही शाळेत जायच्या आधीपासून बॅट फिरवणाऱ्या पोरांना. पुढच्या वर्षी कोपराचं ऑपरेशन झालं आणि करिअर तिथेच अडकलं. बेसबॉलची ओळख झाल्यावर चार वर्षांत लो-ए (मायनर लीगची खालची पायरी) पातळीवर पूर्ण हंगाम काढणं याला फेल म्हणायचं असेल, तर आपल्याकडचे निम्मे रणजीपटू फेल आहेत.

दिनेश आणि रिंकूची तुलना करताना सगळे वेग बघतात. चूक तिथेच होते. वेग दारात उभं करतो, आत घेत नाही. उजव्या हाताने 145 च्या खाली टाकणाऱ्याकडे स्काउट (क्लबसाठी खेळाडू हेरणारे) हल्ली वळून बघत नाहीत, हे खरं. पण 18.44 मीटरवरून बॅटरपुढच्या 43 सेंटिमीटर रुंद प्लेटच्या कडेला, टप्पा न पाडता, पंधरापैकी दहा बॉल टाकता येणं हा खरा धंदा.

क्रिकेटरची अडचण खांद्यात नसते, सवयीत असते. रन-अप गेला की सगळी ताकद एका पावलातून काढायची. पुढचा पाय टेकला की आधी कंबर उघडली पाहिजे, खांदा नंतर. दोन्ही एकदम फिरले तर सगळा भार कोपराच्या आतल्या लिगामेंटवर येतो. टॉमी जॉन ऑपरेशन त्याचंच: पुष्कळदा मनगटाकडचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून कोपरात बसवतात आणि परत सामना खेळायला 12 ते 18 महिने जातात.

दुसरं, पहिल्या बेसवर रनर असताना काय करायचं? हात एकत्र आणून पूर्ण थांबायचं, मग टाकायचं. थांबला नाही तर बॉक, म्हणजे पिचरचा नियमभंग, रनरला फुकट बेस. आणि हालचाल सुरू झाल्यापासून कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत सुमारे 1.3 सेकंद, त्याहून जास्त लागले की रनर पुढच्या बेसवर पळाला. नवशिक्या क्रिकेटरची पहिली लाज इथे जाते.

तिसरं, चेंजअप, म्हणजे बेसबॉलमधला स्लोअर बॉल. अंगठा आणि तर्जनीचं कडं बॉलच्या बाजूला, बॉल उरलेल्या तीन बोटांत, तळहातात जरा खोल. वेग 13-15 किमीने पडतो, पण हात फास्टबॉलइतकाच जोरात यायला हवा. स्लोअर बॉल टाकताना हातच सैल सोडणारा बोलर बॅटरला आधीच चिठ्ठी पाठवतो.

आता पैसे. मायनर लीग खेळाडूंच्या 2023 च्या पहिल्या सामूहिक करारात किमान वार्षिक पगार ठरला: सर्वांत खालच्या कॉम्प्लेक्स लीगला 19,800 डॉलर, सिंगल-ए 26,200, हाय-ए 27,300, डबल-ए 30,250, ट्रिपल-ए 35,800. त्याआधी कॉम्प्लेक्सला वर्षाला 4,800 मिळायचे, म्हणजे मुलं हिवाळ्यात गोदामात काम करायची. राहायची सोय बहुतेकांना आता क्लब करतो. वर मेजर लीगचं किमान 2025 मध्ये 7,60,000. मधली दरी बघा आणि 'तिकडे डॉलर छापतात' म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

जायचं कसं? एक तर अमेरिकेतलं दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज, तिथून जुलैचा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने खेळाडू निवडणं. तो 2021 पासून फक्त 20 फेऱ्यांचा आहे. नाहीतर परदेशी खेळाडू म्हणून थेट करार, पण त्या बाजारात क्लब सोळा-सतरा वर्षांची डोमिनिकन मुलं शोधतात. 19 म्हणजे उशीर झाला. माझं मत विचाराल तर कॉलेजच, कारण हात गेला तरी डिग्री राहते. 2021 पासून मेजर लीग क्लबांशी संलग्न मायनर लीग संघ 120 च उरलेत आणि जागाही घटल्यात.

भाचा डावखुरा असेल तर वरचं 145 चं बंधन जरा सैल धरा, डावखुऱ्या रिलीव्हरला (सामन्याच्या मधे येणाऱ्या पिचरला) सगळीकडे मागणी असते. रिंकूही डावखुराच होता. आणि कोपराच्या आत आत्ताच दुखत असेल, तर आधी ऑर्थोपेडिककडे न्या, बॉल नंतर.