खानदेशातली युद्धकाळातली कमी माहीत असलेली पण खरी घटना कोणती?

माझ्या मते थाळनेरची. शिरपूर तालुक्यात तापीकाठी हा किल्ला आहे. लोक तिथे फारुकी सुलतानांच्या कबरी बघायला जातात, पण 1818 मध्ये इथे काय घडलं ते कुणी सांगत नाही.

महिदपूरच्या लढाईत इंग्रजांनी होळकरांचा पराभव केल्यानंतर जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी खानदेशातला मुलूख इंग्रजांना दिला. म्हणजे कागदावर थाळनेर इंग्रजांचं झालं होतं. तरीही 27 फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपची फौज आली तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामा यांनी तोफा डागल्या. आत शिबंदी जेमतेम तीनशेची, बहुतेक अरब.

विचित्र प्रकार पुढचा. तोफांच्या माऱ्यानंतर किल्लेदार स्वतः बाहेर येऊन शरण गेले. आतल्या अरबांच्या अटी मात्र ठरल्या नव्हत्या. दिंडी दरवाज्यातून इंग्रज अधिकारी आत शिरले आणि गोंधळात झटापट उडाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच पडले. मग चिडलेल्या फौजेने जवळजवळ सगळी शिबंदी कापून काढली, आणि त्या झटापटीच्या वेळी इंग्रजांच्याच ताब्यात असलेल्या किल्लेदाराला हिस्लॉपने फासावर चढवलं.

हा मला सरळ अन्याय वाटतो. खुद्द इंग्लंडमध्येही त्यावर टीका झाली. 1819 मध्ये पार्लमेंटने या मोहिमेबद्दल आभाराचा ठराव केला, त्यात थाळनेरच्या फाशीला ही संमती समजू नये असं मुद्दाम नमूद केलं.