स्कूल डिस्ट्रिक्टची रेषा आणि कोर्टाचे निकाल: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिकडं निघालेल्या वाचकांचे स्कूल डिस्ट्रिक्टवरचे (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी लोकल संस्था) बरेच प्रश्न आलेत. सारखे होते ते एकत्र केलेत, वकिली भाषा जमेल तितकी टाळलीये.

प्रश्न: ताई, आम्ही डेट्रॉइटजवळ घर बघतोय. ब्रोकरबाई घराच्या आधी स्कूल डिस्ट्रिक्ट सांगतात, ग्रुपवर सगळे ट्रॉय नाहीतर नोव्हीच घ्या म्हणतात. पण शहरातल्या शाळांमध्ये बहुतेक ब्लॅक मुलं आणि हद्द ओलांडली की चित्रच वेगळं. हे १९५४ मध्ये कोर्टानं बंद केलं होतं ना?

बंद केलं ते इतकंच, की गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि ब्लॅक मुलांची वेगळी असं सरकारला कायद्यानं करता येणार नाही. कॅन्ससमधल्या टोपेकाची केस, ब्राउन व्हर्सेस बोर्ड ऑफ एज्युकेशन, ९ विरुद्ध ० निकाल. पण मिशिगनमध्ये तसा कायदा नव्हताच, तिथं काम रेषेनं व्हायचं.

रेषा दोन असतात आणि लोक इथंच गोंधळतात. एक डिस्ट्रिक्टची हद्द. छोट्याशा गावाचंही स्वतःचं डिस्ट्रिक्ट असू शकतं, स्वतःचं बोर्ड, स्वतःचा टॅक्स, स्वतःच्या शाळा, अशी देशभरात १३ हजारांच्या आसपास आहेत. दुसरी रेषा डिस्ट्रिक्टच्या आत असते, अटेंडन्स झोनची, म्हणजे तुमच्या गल्लीतली मुलं नक्की कुठल्या शाळेत जाणार ती. ही बोर्ड मीटिंगमध्ये बदलता येते आणि दरवेळी राडा होतो. ब्रोकरबाई सांगतात ती पहिली. त्यांना शेजारी कुठल्या वर्णाचे आहेत यावर बोलायला १९६८ च्या फेअर हाउसिंग अॅक्टनं बंदी आहे, "शाळा छान आहेत हो" म्हणायला नाही, आणि ऐकणाऱ्याला काय कळायचं ते कळतं.

प्रश्न: मॅडम, मी नाशिकला लॉ करतोय. मिलिकन व्हर्सेस ब्रॅडली, डेट्रॉइटच्या शाळांची १९७४ ची केस, वाचली, पण डोक्यावरून गेली. शहर आणि सबर्ब वेगळे आहेत म्हणून कोर्टानं हात वर केले, एवढंच ना?

एवढंच असतं तर बरं झालं असतं. मागचं बघा. एप्रिल १९७० मध्ये डेट्रॉइटच्या बोर्डानं स्वतःहून हायस्कुलांचे झोन बदलून मुलं मिसळायचा प्लॅन केला. मिशिगनच्या विधिमंडळानं लगेच कायदा करून तो बंद पाडला आणि प्लॅनच्या बाजूनं मत देणाऱ्या बोर्ड मेंबरांना मतदारांनी मुदत संपायच्या आतच घरी बसवलं. मग एनएएसीपी ही ब्लॅक नागरिकांची जुनी संघटना कोर्टात गेली. जज स्टीफन रॉथ सुरुवातीला काही त्यांच्या बाजूचे नव्हते, पण पुरावे ऐकत गेले तसं मत बदललं, आणि १९७१ मध्ये त्यांनी लिहून दिलं की हे वेगळेपण आपोआप झालेलं नाही, राज्य आणि बोर्ड दोघांचा हात आहे. आता उपाय काय? शहराच्या शाळांत ६० टक्क्यांच्या वर मुलं ब्लॅक, फक्त शहरात मिसळामिसळ केली तर उरलेले गोरे हद्दीपलीकडे जाणार हे कुणीही सांगितलं असतं. म्हणून रॉथनी १९७२ मध्ये ५३ सबर्बन डिस्ट्रिक्टही प्लॅनमध्ये घेतले.

२५ जुलै १९७४ ला सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं ते उडवलं (रॉथ त्याच्या दोन आठवडे आधीच वारले होते). म्हणणं असं, की सबर्बनी स्वतः गुन्हा केल्याचं किंवा हद्दच भेदभावासाठी आखल्याचं सिद्ध झालेलं नाही, मग शहरातल्या चुकीसाठी त्यांना का ओढायचं, आणि शाळेवरचा लोकल कंट्रोल ही जुनी परंपरा आहे.

आता केसच्या रेकॉर्डमधलीच एक गोष्ट सांगते, परीक्षेत लिहा. शहराच्या उत्तरेला, हद्दीबाहेर, कार्व्हर नावाचं छोटं ब्लॅक डिस्ट्रिक्ट होतं, त्यांच्याकडे हायस्कूल नव्हतं. शेजारच्या गोऱ्या सबर्बांपैकी एकानंही ती मुलं घेतली नाहीत. मग काय केलं, तर बसमध्ये बसवून, जवळची गोरी हायस्कुलं मागं टाकून, डिस्ट्रिक्टची हद्द ओलांडून डेट्रॉइटमधल्या ब्लॅक हायस्कूलला पाठवली, आणि असं कित्येक वर्षं चाललं. म्हणजे मुलं वेगळी ठेवायची तेव्हा हद्द सहज ओलांडली गेली, एकत्र आणायची म्हटल्यावर तीच हद्द पवित्र झाली! डिस्ट्रिक्ट हे राज्यानंच बनवलेलं असतं, राज्य पाहिजे तेव्हा ते दुसऱ्यात विलीन करतं, मिशिगननं केलेलीही आहेत. ब्राउन केस वकील म्हणून लढलेले थर्गुड मार्शल १९७४ मध्ये त्याच कोर्टात जज होते, त्यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं की अशानं प्रत्येक महानगराची दोन शहरं होतील, एक गोरं एक काळं. मला तरी ब्राउनपेक्षा हा निकाल आजच्या नकाशासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न: पण लोक आपापल्या माणसांतच राहणार ना, पुण्यात काय वेगळं आहे? त्यात सरकारचा काय दोष?

हेच जस्टिस पॉटर स्ट्युअर्ट म्हणाले होते, मिलिकनमध्येच, की हे कशामुळं झालं ते माहीत नाही आणि कदाचित कळणारही नाही. डेट्रॉइटमध्ये एट माइल रोडजवळ सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत आहे, १९४१ ची. बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, शेजारी ब्लॅक वस्ती म्हणून एफएचए ही सरकारी संस्था लोनची गॅरंटी देईना, भिंत बांधल्यावर दिली. भिंतीचा बराच भाग अजून उभा आहे, त्यावर चित्रं काढलीयेत. न कळण्यासारखं काय आहे यात?

प्रश्न: डिस्ट्रिक्ट वेगळं असलं म्हणून पैसा का वेगळा?

कारण प्रॉपर्टी टॅक्स. टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओचे आकडे बघा, १९६७-६८ चे. एजवुड, जवळपास सगळी मेक्सिकन मुलं, टॅक्सचा दर १०० डॉलरच्या मालमत्तेमागं १.०५ डॉलर, आणि त्यातून एका मुलामागं जमले २६ डॉलर. त्याच शहरात अलामो हाइट्स, बहुतेक गोरे, दर कमी, ८५ सेंट, आणि जमले ३३३ डॉलर! जास्त टॅक्स भरून हातात दमड्या. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५-४ नं सांगितलं की यात घटनाभंग नाही, शिक्षण हा केंद्रीय घटनेतला मूलभूत हक्क नाही. म्हणजे साधारण १६ महिन्यांत दोन निकाल, पैसाही हद्दीत अडकला आणि मुलंही. मिशिगननं १९९४ मध्ये रोजच्या खर्चाचा भार बराचसा राज्याच्या टॅक्सवर टाकला, पण बिल्डिंगा अजून लोकल पैशातून बांधतात.

प्रश्न: यात आपण इंडियन लोक कुठं बसत होतो?

काळ्यात, बहुधा. १९२७ मध्ये मिसिसिपीतल्या एका चिनी मुलीला गोऱ्या शाळेतून काढलं ते सुप्रीम कोर्टानं एकमतानं बरोबर ठरवलं, आणि त्याआधी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना भारतीय माणूस 'व्हाइट' नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. आपली माणसं मोठ्या संख्येनं गेली ती १९६५ चा इमिग्रेशन कायदा आल्यावर, डिग्री घेऊन, आणि थेट सबर्बात. त्यामुळं ही रेषा आपल्याला रेटिंग म्हणून दिसते, इतिहास म्हणून नाही.

प्रश्न: चांगल्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्या नातेवाइकाचा पत्ता दिला तर?

अजिबात नको. ओहायोतल्या अॅक्रनच्या एका ब्लॅक आईनं आपल्या वडिलांचा पत्ता देऊन मुलींना शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये घातलं, २०११ मध्ये तिला दहा दिवसांची कैद झाली. नंतर गव्हर्नरनी गुन्ह्याची कलमं सौम्य केली, पण जेल झाली ती झालीच.

प्रश्न: मग आज कोर्टाकडून काहीच होत नाही?

होतं, पण तुकड्यातुकड्यात. नॉर्थ कॅरोलायनात शार्लट आणि आजूबाजूची अख्खी काउंटी मिळून एकच डिस्ट्रिक्ट, पळून जायला जवळ दुसरी हद्दच नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाच्या १९७१ च्या निकालानंतर तिथं बसिंग (मुलं मिसळावीत म्हणून त्यांना बसनं दुसऱ्या भागातल्या शाळेत नेणं) जवळपास तीस वर्षं टिकलं. २००७ मध्ये सिएटल आणि लुइव्हिलच्या केसमध्ये कोर्टानं सांगितलं की एकेका मुलाचा वर्ण बघून शाळा देता येणार नाही, पण जस्टिस केनेडींनी एक फट ठेवली, झोन आखताना किंवा नवी शाळा कुठं बांधायची ते ठरवताना वस्ती लक्षात घेता येईल. बोर्ड ती फट फार कमी वापरतात, कारण झोन बदलला की घरांच्या किमती आणि पुढची इलेक्शन दोन्ही हलतात.

उलट नव्या हद्दी आखणं जोरात. मेम्फिस आणि शेल्बी काउंटीचे डिस्ट्रिक्ट २०१३ मध्ये एक झाले, वर्षभरातच सहा सबर्ब आपापलं डिस्ट्रिक्ट काढून बाहेर पडले, राज्यानं त्यासाठी कायदाच बदलून दिला. अलाबामात बर्मिंगहॅमजवळच्या गार्डनडेलनंही तेच करून बघितलं. २०१७ मध्ये जज बाईंनी वर्ण हे एक कारण असल्याचं नोंदवलं आणि तरी अर्धीमुर्धी परवानगी दिली, ती २०१८ मध्ये वरच्या कोर्टानं काढून घेतली. तिथं थांबवता आलं ते एवढ्याचसाठी की ती काउंटी १९६५ पासूनच्या जुन्या केसमुळं अजून कोर्टाच्या देखरेखीखाली होती. मेम्फिसच्या त्या सहा सबर्बांना अडवायला असं काही नव्हतं.