पार्टिशनच्या सांगाड्याचा खर्च कसा काढावा

खोलीत लाकडी पार्टिशन स्वतः उभारण्याचा बेत असेल, तर तो नवशिक्याच्या आवाक्यातला आहे. मात्र भाव विचारण्याआधी भिंत कागदावर काढून एकेक तुकडा मोजा, कारण चौरस फुटाच्या ढोबळ दरावर बांधलेला अंदाज बहुधा फसतो.

उभे दांडे मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर बसवायचे असतील, तर १२ फूट लांबीच्या सलग भिंतीला १० दांडे लागतात: १२ फुटांच्या १४४ इंचांना १६ ने भागून येणाऱ्या ९ मध्ये शेवटचा एक मिळवायचा असतो, आणि नेमका तोच अनेकांकडून विसरला जातो. खालची व वरची आडवी पट्टी मिळून आणखी २४ फूट लाकूड लागते. दार ठेवायचे असल्यास त्याच्या दोन्ही बाजूंना जोडदांडे (एकमेकांना जोडून बसवलेले दोन दांडे) आणि वर आडवे लाकूड धरा. कापण्यातील नासाडी व वाकडे निघणारे दांडे यांसाठी दहा टक्के जास्त घ्या.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सांगाड्यालाच भिंत समजणे. स्क्रू, सांगाडा जमिनीला व भिंतीला घट्ट धरणारे अँकर, दोन्ही बाजूंचे बोर्ड, सांध्यांची पट्टी, पुट्टी, रंग आणि वायरिंग यांची बेरीज लाकडाच्या खर्चाला सहज मागे टाकू शकते. एकाच कामासाठी महागडी यंत्रे विकत घेऊ नका, भाड्याने आणा.

ध्वनिरोधन आणि लाकडी दांड्यांऐवजी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या चॅनेलचा विचार तूर्त बाजूला ठेवा. मात्र जुनी भिंत पाडून तिथे हे पार्टिशन येणार असेल, तर ती भार पेलणारी नाही ना, हे अभियंत्याकडून तपासून घ्या आणि त्याचे शुल्क यादीत सर्वांत वर लिहा.