कॉलेज कोणते, त्याआधी परवाना कुठला?

"कुटुंब परदेशी निघाले आहे आणि मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, तर तिला कोणत्या देशातल्या कोणत्या मेडिकल कॉलेजात घालावे?" पुण्यात करिअर समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा कॉलेजांची यादी तयार असते. अशाच एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून आणि त्यांच्या संमतीने, येथे मांडते आहे.

वडील चाकणच्या एका वाहनउद्योगातील कंपनीत अभियंता होते आणि त्यांना जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी मिळाली होती. जुलैत निघायचे होते. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी नुकतीच अकरावी संपवून बारावीत गेलेली, नीटचा क्लास चालू. आईने वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखून आणले होते: देश, कॉलेज, एकूण खर्च लाखांत, हॉस्टेल, भारतीय मेस. त्यांतल्या जॉर्जियातल्या एका कॉलेजाभोवती लाल शाईने गोल केला होता, कारण प्रवेश करून देणाऱ्या एका एजंटाने "एमसीआय मान्यताप्राप्त" (एमसीआय म्हणजे भारतीय वैद्यक परिषद) असे सांगून आठवड्याभरात आगाऊ रक्कम भरायला सांगितली होती. मुलगी दोघांच्या मध्ये बसली होती आणि पहिला अर्धा तास तिने एकही वाक्य उच्चारले नाही.

मी ती वही बाजूला ठेवली आणि विचारले, "ही डॉक्टर झाल्यावर रुग्ण तपासायला कुठे बसणार आहे?" वडील म्हणाले, "ते पुढचे पुढे बघू, मॅडम. आधी प्रवेश तर होऊ दे." आई म्हणाली, "पुण्यातच. दुसरीकडे कुठे?" एकाच घरातली ही दोन उत्तरे ऐकल्यावर मला पुढची दिशा दिसली. माझे मत ठाम आहे की परदेशातील वैद्यकीय शिक्षणाचा विचार कॉलेजापासून सुरू करूच नये. ज्या देशात व्यवसायाचा परवाना घ्यायचा आहे, त्या देशाच्या नियमांपासून सुरुवात करून मग मागे मागे कॉलेजापर्यंत यावे.

आधी भारताचे नियम पाहिले. एमसीआय २०२० मध्येच बरखास्त झाली आणि तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. हा आयोग परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही, त्यामुळे "एमसीआय मान्यताप्राप्त" या शब्दांमागे आज काहीही नाही. आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांनुसार परदेशी पदवी घेऊन भारतात डॉक्टरकी करायची असेल तर अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हवे, संपूर्ण शिक्षण आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी, आणि ती पदवी ज्या देशाची आहे त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने व्यवसायाचा परवाना मिळण्याजोगी हवी. त्यावर भारतात पुन्हा वर्षभराची इंटर्नशिप आणि परीक्षा. आजची परीक्षा एफएमजीई ही ३०० गुणांची, उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण लागतात, ती वर्षातून दोनदा होते, आणि बहुतेक वेळा बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक विद्यार्थी नापास होतात. नीट उत्तीर्ण असल्याशिवाय तर यातली पहिली पायरीसुद्धा चढता येत नाही.

जॉर्जियाचे सहा वर्षांचे इंग्रजी शिक्षण या चौकटीत बसू शकते, आणि तिथून शिकून आलेले चांगले डॉक्टर मी पाहिले आहेत. एजंटाच्या घाईमुळे त्या देशालाच नावे ठेवणे योग्य नाही. परंतु या कुटुंबाच्या बाबतीत अडचण निराळी होती. मुलगी सहा वर्षे जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, राहिली असती तर जर्मनीतल्या वास्तव्याचा तिचा परवाना टिकला नसता, आणि पुढे जर्मनीतच डॉक्टर व्हायचे ठरले असते तर तिची पदवी युरोपीय संघाबाहेरची ठरून तिला जर्मन भाषेच्या आणि वैद्यकीय ज्ञानाच्या परीक्षा नव्याने द्याव्या लागल्या असत्या.

हे मी सांगत असताना मुलगी पहिल्यांदा बोलली. "बाबा जर्मनीत, आजी पुण्यात आणि मी तिबिलिसीत. मग सुट्टीत घरी जायचे म्हणजे मी कुठे जायचे?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तिला खरोखरच उत्तर हवे होते. आईने वहीचे पान उलटले आणि पुन्हा सरळ केले. एवढ्या रकान्यांत या प्रश्नाचा रकाना राहून गेला होता.

मग आम्ही जर्मनीचा विचार केला. तिथल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नसते. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात, तरीही आपल्याकडच्या खासगी कॉलेजांच्या मानाने ते फार कमी आहेत. जवळपास ट्युबिंगेन, उल्म, हायडेलबर्ग अशी वैद्यकाची नामवंत विद्यापीठे आहेत. पैशाची चिंता अशी बरीच हलकी झाली, पण बाकीच्या गोष्टी अवघड आहेत आणि त्या मी स्पष्ट सांगितल्या. तिथे वैद्यक जर्मन भाषेतच शिकवले जाते आणि त्यासाठी साधारणपणे सी-१, म्हणजे प्रगत, पातळीची भाषा लागते. नुसत्या भारतीय बारावीवर वैद्यकाला थेट प्रवेश मिळत नाही. श्टुडिएनकोलेग नावाच्या वर्षभराच्या पूर्वतयारीत वैद्यकासाठीचा एम-कोर्स करून त्याची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यानंतरही युरोपीय संघाबाहेरच्यांसाठी जागा साधारण पाच टक्केच असतात. तिथल्या शाळेतून आबिटूर, म्हणजे त्यांची बारावी, केलेल्या विद्यार्थ्याला मात्र परदेशी नागरिक असूनही जर्मन विद्यार्थ्यांच्या बरोबरीने धरले जाते.

"मग इथले सगळे सोडून तिला आत्ताच तिथल्या शाळेत घालू या का?" असे वडिलांनी लगेच विचारले. मार्ग खरा होता, पण भाषा शिकण्यात एक वर्ष आणि त्यापुढे आबिटूरची तीन वर्षे धरली तर मुलगी विसाव्या-एकविसाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडली असती, आणि वैद्यकाला लागतात तितके उंच गुण परक्या भाषेत मिळवण्याचा भार तिच्यावर आला असता. शिवाय महाराष्ट्रातील सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. बारावी अर्धी टाकून गेली असती तर तो दरवाजा कायमचा बंद झाला असता, आणि नीटचे केंद्र जर्मनीत नाही हेही लक्षात घ्यायला हवे होते.

आता मुख्य धक्का बाकी होता. जर्मन माध्यमातली पदवी भारताच्या आजच्या नियमात बसत नाही, हे मी आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे ती परत येऊच शकणार नाही?" मी म्हणाले, "परत केव्हाही येईल, तिचे घर आहे. पण आजच्या नियमांनुसार इथे डॉक्टर म्हणून काम करता येणार नाही." हे वाक्य मला दर वेळी जड जाते, पण ते पहिल्या भेटीत सांगितलेच पाहिजे. सहा वर्षांनी ते कळलेली माणसे माझ्यासमोर येऊन बसलेली आहेत. उलट बाजूही मी तिला दाखवली: भारतात एमबीबीएस करून, जर्मन शिकून, तिथल्या भाषेच्या आणि ज्ञानाच्या परीक्षा देऊन जर्मनीत डॉक्टर होता येते. म्हणजे नीटमध्ये सरकारी जागा मिळाली तर मुलीला दोन्ही देश मोकळे राहणार होते.

दुसऱ्या भेटीत आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. वडिलांकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा वास्तव्याचा परवाना, असणार होते. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला पालकांकडे राहायला जाण्याचा कौटुंबिक व्हिसा मिळतो. सोळा वर्षांनंतर मागाहून येणाऱ्या मुलाला एरवी सी-१ पातळीचे जर्मन दाखवावे लागते, पण पालकाकडे ब्लू कार्ड असेल तर ती अट नसते. मुलगी पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अठरा पूर्ण करणार होती. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, नीट मेमध्ये. व्हिसाचा अर्ज अठराव्या वाढदिवसाच्या आत द्यायला पुरेसे महिने उरत होते. धाकट्याला मात्र थांबवणे बरे नव्हते, कारण तिथे प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जायचे हे तिथेच ठरते. त्याला भाषा शिकायला मिळणारा प्रत्येक महिना मोलाचा होता.

म्हणून मी सुचवले की आईवडील आणि मुलगा जुलैत जावेत आणि मुलीने कोथरूडला आजीकडे राहून बारावी करावी. आईच्या डोळ्यांत पाणी आले. "लोक म्हणतील, बारावीच्या वर्षाला पोरीला टाकून गेली." माझ्या अनुभवात कॉलेजाच्या प्रश्नाखाली पुष्कळदा हीच बोच दडलेली असते, आणि तिच्यापायी पालक मुलाला घाईघाईने कुठेतरी "सेट" करून टाकू पाहतात. त्या दिवशी आम्ही कॉलेजांविषयी काहीच बोललो नाही. आईने रोज किती वाजता फोन करायचा, जर्मनीत साडेतीन-साडेचार तास उशिराची वेळ असल्याने तो मुलीच्या क्लासला कसा आड येणार नाही, दिवाळीत कोण येणार, आजीला बरे नसेल तर कोणत्या मावशीला बोलवायचे, हे सगळे लिहून काढले. मुलीने एकच भर घातली: "परीक्षेच्या आठवड्यात आई इथे हवी." आईने होकार दिला आणि तो पाळला.

मुलीने अकरावीला दुसरी भाषा म्हणून जर्मन घेतलेले होते. पुण्यात विज्ञान शाखेची पुष्कळ मुले गुणांसाठी ते घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. हिने नीटच्या अभ्यासातून जमेल तेवढे ते धरून ठेवले आणि मेनंतर रोज क्लास लावला. एजंटाला पैसे दिले नाहीत. व्हिसाच्या कागदपत्रांत जन्मदाखल्यावरचे आईचे नाव पासपोर्टशी जुळेना आणि त्या दुरुस्तीत दीड महिना गेला. म्हणून अशा कुटुंबांना मी आता पहिल्याच भेटीत जन्मदाखला काढून बघायला सांगते. अर्ज जूनअखेर दाखल झाला.

नीट ती उत्तीर्ण झाली, परंतु सरकारी जागेपर्यंत गुण पोहोचले नाहीत. खासगी कॉलेजाची फी परवडणार नव्हती. ठरल्याप्रमाणे ती गेली, आणि जाताना भारतातली डॉक्टरकी आपण सोडतो आहोत हे तिला आणि घरच्यांना नीट माहीत होते. आता ती एम-कोर्सला आहे. विद्यापीठातल्या जागेचे अजून काही ठरलेले नाही. मिळाली नाही तर तिथलेच परिचारिकेचे तीन वर्षांचे, विद्यावेतन देणारे प्रशिक्षण घ्यायचे आणि वैद्यकासाठी पुन्हा अर्ज करायचा, असे तिने स्वतः ठरवले आहे.

तिथे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या सरकारी परीक्षेआधी रुग्णालयात तीन महिने शुश्रूषेचे काम करावे लागते. प्रवेशाची वाट पाहता पाहता तिने सुट्टीत त्यातला एक महिना उरकून घेतला. अंथरुणे बदलणे, जेवण भरवणे, रुग्णाला कुशीवर वळवणे. परवा तिचा फोन आला तेव्हा सांगत होती की वॉर्डातल्या एक आजी तिच्या प्रत्येक वाक्यातले डेर, डी, डास, म्हणजे नामाचे लिंग दाखवणारे जर्मन शब्द, दुरुस्त करतात आणि ते बरोबर आल्याशिवाय सूप तोंडात घेत नाहीत.