पाणी कुठवर उतरलंय, ते आधी बघा
(पाणथळीचे पक्षी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

होळी उलटली की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो : पक्षी गेले, आता काय बघायचं? या खेपेची बरीच पत्रं त्याच वळणाची आहेत. जागा थोडी असल्यानं निवडक प्रश्नच घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणींनी या हिवाळ्यात पक्षी बघायला सुरुवात केली. आता सगळे सांगतात, "सीझन संपला, नोव्हेंबरात या." मार्च-एप्रिलमध्ये तळ्यावर खरंच काही उरत नाही का? जायचं तर कुठं जावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, सीझन संपला म्हणणारी मंडळी बहुतेक मोठ्या पक्ष्यांच्या मागं असणारी. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, पाडव्याच्या आसपास निघून जातात, हे खरंच आहे. घरटी करायला त्यांना हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारापर्यंत, काहींना तर मंगोलियापर्यंत जायचं असतं. मागोमाग चक्रवाक आणि तलवार बदकंही पांगतात. मग कॅमेरेवाले ट्रायपॉड गुंडाळतात आणि तळं मोकळं होतं. तुमच्यासारख्यांनी नेमकं तेव्हाच जावं.

चिखलात फिरणारे छोटे पक्षी हिवाळाभर मळकट, करडे असतात. नवशिक्याला सगळे सारखेच दिसतात. परत जायच्या आधी ते पिसं बदलतात. पिवळा धोबी डिसेंबरात बघा, पिवळा म्हणायला जीभ कचरते. तोच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हळदीत बुडवून काढल्यासारखा होतो. मालगुजाच्या, म्हणजे लांब चोचीच्या त्या चिखलपक्ष्याच्या, मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाला (इंग्रजीत गल) हिवाळ्यात तपकिरी डोकंच नसतं, डोळ्यामागं एक काळसर ठिपका तेवढा असतो. मार्चमध्ये डोकं रंगायला लागतं, तेही एकदम नाही. अर्धवट रंगलेली डोकी सगळ्या थव्यात दिसतात. हिवाळ्यात जे पुस्तकात सापडत नव्हते, ते आता चित्राबरहुकूम समोर उभे राहतात. शिकायला याहून सोपा काळ नाही.

आता कुठं जावं, ते. मी पाटबंधारे खात्यात मोजणीदार होतो. त्यामुळं आधी पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी बघायची आणि मग पक्षी, ही सवय काही सुटत नाही. तुम्हीही ती लावून घ्या. पाणी भरलेलं असेल तेव्हा काठ उभा आणि खोल असतो. तिथं बदकं पोहतील, पण चिखलात चालणाऱ्यांना पाय ठेवायला जागा नसते. पाणी उतरलं की ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्यात अळ्या, गोगलगायी, किडे असतात आणि तिथंच पक्षी उतरतात. आठवड्याभरात तो पट्टा वाळून भेगाळतो, तोवर पाणी आणखी खाली गेलेलं असतं आणि पक्षीही त्याच्या मागं सरकलेले असतात. गेल्या रविवारी जिथं दिसले तिथंच आज जाऊन बसलात, तर टिटवीच्या शिव्या खाऊन परत याल.

सुरुवात घराजवळून करा. विजापूर रोडचा कंबर तलाव तुम्हाला हाकेच्या अंतरावर. जलपर्णीनं त्याचं वाटोळं केलंय, पण तिच्यावरच कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या फिरतात. हे इथलेच रहिवासी, त्यांना सीझन नाही. मग तुळजापूर रोडला हिप्परगा. हा एकरुखचा तलाव ब्रिटिशांनी १८७१ च्या सुमारास अदिला नदीवर बांधून पुरा केला. एका बाजूला काठ उथळ आहे, तिथं धोबी, तुताऱ्या, टिलवे असे चिखलातले छोटे पक्षी बघायला मिळतील. एक लक्षात ठेवा : उपसा योजनेतून उजनी धरणाचं पाणी सोडलेलं असेल, तर ऐन उन्हाळ्यातही हिप्परग्याची पातळी वर असते आणि चिखल पाण्याखाली जातो. निघण्याआधी तिकडच्या कुणा मासेमाराला किंवा शेतकऱ्याला एक फोन करा.

सूर्य पाठीशी ठेवून बसा. सकाळी नऊनंतर आपल्याकडं हवा तापून हलायला लागते. मग भारीतली भारी दुर्बीणसुद्धा पक्ष्याऐवजी मृगजळच दाखवते. साडेसहाला तिथं असा, नवाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन घरी निघा.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात उजनीच्या काठावर, केत्तूरच्या बाजूला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) भरपूर होते. यंदा फेब्रुवारी संपला तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुण्याचं घाण पाणी उजनीत येतं, त्यामुळं त्यांनी पाठ फिरवली का?
– एक वाचक, करमाळा

उत्तर : आधी सांगा, धरण किती टक्क्यांवर आहे? चेष्टा नाही, उत्तर त्यातच आहे.

१९८० साली उजनी पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणजे पेपरात "उजनी शून्यावर" छापून येतं, तेव्हाही निम्म्याहून अधिक पाणी आत असतं, आणि त्याखाली गेलं की आपण "मायनसमध्ये गेली" म्हणतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ती जवळपास उणे ६० टक्क्यांपर्यंत उतरली होती. आता दुसरी गोष्ट बघा. पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची ४९१.०३. जेमतेम सहा मीटरच्या या फरकात ५३ टीएमसीहून जास्त पाणी मावतं. जलाशय किती पसरट आहे, ते यावरून कळेल. पाणी वीतभर उतरलं तरी काठ लांबवर मागं जातो. पळसदेवचं जुनं मंदिर, कुगावचा इनामदारवाडा उघडे पडतात ते यामुळंच.

रोहित पक्ष्याला लागतं नडगीभर, फार तर गुडघाभर पाणी आणि खाली मऊ गाळ. तो चोच उलटी करून डोकं पाण्यात घालतो, जिभेनं पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक दातऱ्यांतून शेवाळ, अळ्या, बारीक कवचाचे जीव गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. धरण भरलेलं असेल तर फेब्रुवारीत असा उथळ भागच नसतो, मग थवा दुसरीकडं जातो. पाणी उतरलं की मार्च-एप्रिलमध्ये, कधी मे महिन्यातही दिसेल. भिगवण-कुंभारगावकडचे पक्षी तुमच्या काठावर सरकतात ते तेव्हाच. तेव्हा "यंदा कमी" हा निकाल फेब्रुवारीत देऊ नका.

राहिला घाण पाण्याचा प्रश्न. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत येतं, पाणी हिरवं होतं, हे तुम्ही रोज बघता. पण त्या खतावलेल्या पाण्यात शेवाळ आणि अळ्या वाढतात, म्हणजे काही पक्ष्यांचं खाणं उलट वाढतं. पक्षी दिसले म्हणजे पाणी चांगलं, असं कुणी भाषणात म्हणालं तर टाळ्या वाजवू नका. तेच पाणी आपण पितो.

नावेतून जाणार असाल तर आणखी एक. खाणारा रोहित मान वाकवून असतो. थव्यातल्या दोन-चारांनी माना ताठ केल्या आणि सगळे एका दिशेनं चालायला लागले, की नाव तिथंच थांबवायला सांगा. नावाडी पुढं नेतो तो आपण जास्तीच्या शंभर रुपयांची लालूच दाखवतो म्हणून, त्याला बोल लावू नका. आणि कुरवांना फरसाण टाकणं बंद करा. मासे पकडून खाणारा पक्षी आहे तो. त्याला शेव-पापडी कशाला?

प्रश्न : आमची गाळपेराची जमीन आहे. धरणाचं पाणी मागं गेलं की तिथं कडवळ (चाऱ्याची ज्वारी) करतो. नांगरताना टिटवीची अंडी दिसली. वडील म्हणतात, टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, खोलगटात घातली तर दुष्काळ. हे खरं का? आणि ट्रॅक्टर फिरवायचा तर अंड्यांचं काय करावं?
– एक शेतकरी, माढा तालुका

उत्तर : वडिलांना नमस्कार सांगा. टिटवीला पुढच्या पावसाचं कळतं, असं मी म्हणणार नाही. तिला आत्ताचं कळतं. चारी बाजूंनी कुत्रा, माणूस, मुंगूस लांबून दिसेल अशी उघडी, कोरडी जागा ती शोधते. गाळपेरात एप्रिलमध्ये सगळीकडंच तशी जागा असते, म्हणून कुठंही बसते. मात्र पाऊस लागल्यावर दुसऱ्यांदा अंडी घालायची वेळ आली, तर ओल बघून ती थोडं वर सरकत असेल. तेवढं वडिलांच्या बाजूनं धरा.

अंडी साधारण चार, टोकं आत करून मांडलेली, मातीच्या रंगाची. त्यांना जागेवरून हलवू नका. आईला ती सापडणार नाहीत. सगळ्या बाजूंनी दोन-तीन पावलांचा तुकडा सोडून नांगर फिरवा. खुणेला काठी आणि फडकं लावू नका, कावळ्याला आयतं निमंत्रण होतं. दोन मोठी ढेकळं थोड्या अंतरावर ठेवा, तुम्हाला कळण्यापुरती. अंडी उबवायला चार आठवड्यांच्या आसपास लागतात आणि पिल्लं बाहेर आल्यावर काही तासांतच चालायला लागतात. मग तो तुकडाही तुमचाच.

भर दुपारी ती पाण्यात जाऊन पोट भिजवून परत येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते, ते मात्र लांबून जरूर बघा. आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशात अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवायचीच कसरत मोठी. म्हणून तिला दुपारी उठवू नका. तुम्ही दहा मिनिटं बांधावर उभे राहिलात तर तेवढा वेळ अंडी उन्हात शिजतात.

तुमच्याच भागात पाण्याजवळ शेकाटे आणि नदीपात्रातल्या वाळूवर पाणभिंगऱ्या, नदी सुरय हे पक्षी घरटी करतात. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडलं की औज बंधाऱ्यापर्यंत सगळं पात्र भरतं आणि ती वाळूवरची घरटी जाऊ शकतात. पाणी सोडू नका असं कोण म्हणेल? इथं नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं. पण आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या, तारखा आधी ठरत असतात, तेव्हा पात्रात कुठं वसाहत आहे हे गावच्या पोरांनी वनखात्याला वेळेत कळवलं, तर निदान बघायला तरी कुणी येईल.

प्रश्न : ज्वारी काढणीला आली की भोरड्यांचे थवे उतरतात. पक्षीप्रेमी त्यांच्या व्हिडिओला लाइक करतात, नुकसान आमचं होतं. या एवढ्या येतात कुठून, आणि जातात कधी?
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. संध्याकाळी हजारो भोरड्या एकदम वळतात ते दृश्य बघणाऱ्याची ज्वारी शेतात उभी नसते.

भोरडी, म्हणजे पळसमैना, मध्य आशियातून आणि त्याच्या पश्चिमेकडून येते. पावसाळा सरता सरता येते आणि एप्रिलच्या मध्यानंतर सहसा दिसत नाही. तिकडं पिल्लांना ती टोळ आणि नाकतोडे भरवते; चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळ आवरावेत म्हणून तिच्यासाठी दगडांचे ढीग आणि घरटी मुद्दाम बांधून देतात. आपल्याकडंही ती किडे खाते, पळस-पांगाऱ्याचा मध पिते. पण मालदांडी ज्वारी दुधात असो वा पक्व, थवा उतरला की कणसं रिकामी करते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

उपाय जुनाच : माळा, गोफण, पत्र्याचा डबा, आणि तेही पहाटे आणि चारनंतर, कारण खाण्याच्या वेळा त्याच. चमकत्या फितींना ती चार दिवसांत सरावते. जाळी लावू नका. अडकणारी पहिली साळुंकी आणि दुसरं घुबड, आणि घुबड गेलं की उंदीर तुमचेच. बांधावरच्या बोरी-बाभळी तोडून थवा जात नाही, तो पुढच्या बांधावर बसतो.

प्रश्न : नवीन दुर्बीण घ्यायची आहे. जास्तीत जास्त किती पॉवरची घ्यावी?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : कमीत कमी विचारा. ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. पहिला आकडा वाढला की हाताचा कंपही तेवढाच वाढून दिसतो. वीस-तीस पटीच्या म्हणून रस्त्यावर मिळतात, त्या घेऊ नका. चार जण मिळून एक टेलिस्कोप घेतलात तर उजनीच्या काठावर त्याचं चीज होईल.

प्रश्न : मी आठवीत आहे. तळ्यावर एका लांब पायाच्या पक्ष्याच्या पायात रंगीत प्लॅस्टिक अडकलेलं दिसलं. त्याला पकडून सोडवायला पाहिजे होतं का?
– एक विद्यार्थिनी, मोहोळ

उत्तर : बाळ, दोरा किंवा मांजा असेल तर तो लोंबतो, पक्षी लंगडतो, तेव्हा मोठ्या माणसांना घेऊन वनखात्याला कळवायचं. पण तू पाठवलेल्या चित्रात पट्टी नीट बसवलेली आहे आणि तिच्यावर अक्षरं आहेत. ती अभ्यासकांनी मुद्दाम लावलेली खूण आहे. पक्षी कुठून कुठं जातो, ते त्यावरून कळतं. पकडायचं नाही.

पट्टीचा रंग, उजवा पाय की डावा, गुडघ्याच्या वर की खाली, दोन पट्ट्या असतील तर वरची कुठली नि खालची कुठली, हे लगेच वहीत लिही. देशादेशांच्या रंगांच्या जोड्या ठरलेल्या असतात. अक्षरं वाचता आली तर उत्तम, नाही आली तर अंदाजानं लिहू नकोस. तारीख, तळ्याचं नाव, गाव टाक आणि फोटोसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला पाठव. उत्तर यायला वेळ लागतो. आलं की आम्हालाही कळव, पुढच्या अंकात छापू.