जर्मनीला बदली: एचआरला कागद देताना हात आखडता ठेवा

भाऊ, एचआरला द्यायच्या कागदांची तुमची यादी पाहिली. आधार, टीसी, सातबारा, सगळी मेडिकल फाइल, आणि वरून ‘माझा डेटा परदेशात पाठवायला हरकत नाही’ अशा फॉर्मवर सही. कंपनी जर्मनीच्या ऑफिसात पाठवते म्हणून दारव्ह्याहून एवढं सगळं द्यायचं का? नाही.

आधी टीसी. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात असते. जन्मतारखेला पासपोर्ट पुरतो, शिक्षणाला डिग्री-मार्कशीट. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात धर्म, वंश, आरोग्य ही माहिती कलम 9 खाली खास जपायची आहे. न मागता कशाला द्यायची? सातबाऱ्यावर तर काका-पुतण्यांची नावं आणि बँकेचा बोजासुद्धा. पत्त्याला लाइट बिल किंवा रहिवासी दाखला चालतो का, ते विचारा.

आधार हवंच असेल तर मास्क्ड काढा, शेवटचे 4 आकडेच दिसतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली 4 इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. गावात हे कोणाला माहीत नसतं? म्हणून सेतू केंद्रात प्रिंट काढली की डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन समोर उभं राहून रिकामं करून घ्या, व्हॉट्सॲप वेब लॉगआउट करा. डेटा जर्मनीत फुटायच्या आधी तालुक्यालाच फुटतो.

मेडिकलमध्ये ‘कामास योग्य’ एवढंच सर्टिफिकेट द्या. जर्मनीत आजारी रजा घेतली तरी मालकाला दिवस कळतात, रोग नाही.

आता सही. इथून तिकडे जाणाऱ्या डेटासाठी आपला 2023 चा डीपीडीपी, म्हणजे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो, आणि नोकरीच्या कामासाठी मालकाला बरीच मोकळीक देतो. म्हणून इथे कमी देणं हाच खरा बंदोबस्त. तिकडून परत येणाऱ्या डेटाचं वेगळं. पगाराचं काम पुण्याला चालत असेल तर लक्षात ठेवा, भारताला युरोपियन आयोगाची ‘पुरेसं संरक्षण’ अशी मान्यता नाही. त्यामुळे दोन ऑफिसांत बहुतेक वेळा आयोगाच्या 2021 च्या ठरावीक कलमांचा करार लागतो. नुसत्या संमतीवर भागत नाही, कारण पगार देणाऱ्यापुढे दिलेली संमती सहसा दबावाशिवाय दिलेली धरली जात नाही. सही करण्याआधी मेल टाका: ‘माझा डेटा कोणत्या देशात, कोणाकडे, कोणत्या आधारावर, किती काळ? कराराची प्रत कुठे मिळेल?’ तोंडी विचारू नका, फोनवरचं कोणी मोजत नाही.

रुजू झाल्यावर जीडीपीआरच्या कलम 15 खाली स्वतःच्या डेटाची प्रत मागा. पैसे लागत नाहीत, 1 महिन्यात उत्तर द्यावं लागतं. गुंतागुंत असेल तर आणखी 2 महिने घेता येतात, पण तसं कळवून. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीचा डेटा संरक्षण अधिकारी, मग जर्मनीतल्या त्या राज्याचं डेटा संरक्षण कार्यालय. तिथली तक्रारही फुकट.

आणि रहिवासी नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना दिसेल. तो चर्चच्या करासाठी असतो आणि तिथली नोंद पगाराच्या हिशेबापर्यंत पोहोचते. हिंदू-बौद्धांना हा कर नाही, तिथे ‘नाही’ लिहा.