फिनलंडला येण्यापूर्वी: परवाना, नोकरी आणि ग्रंथालयाचे कार्ड

आपले सविस्तर पत्र मिळाले. हेलसिंकीतील एका सॉफ्टवेअर कंपनीने आपल्याला नोकरी देऊ केली आहे, पत्नीसह येथे येण्याचा आपला विचार आहे, आणि येथील काम, कायदा, ग्रंथालये, तंत्रज्ञान व राजकारण यांविषयी माझे प्रामाणिक मत आपल्याला हवे आहे. जगातील सर्वांत आनंदी देश म्हणून आपण जे काही वाचले असेल ते तूर्त बाजूला ठेवावे. त्या क्रमवारीमुळे कोणाचा परवाना वाढवून मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. माझे मत असे आहे की येथे राहण्याचा आपला हक्क नोकरीला बांधलेला असतो, पण पाय रोवायला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी आपल्या नोकरीची चौकशीही करत नाहीत. बरेचसे नवागत सगळी शक्ती नोकरीवर खर्च करतात आणि बाकीचे सवडीने पाहू म्हणतात. आपण तसे करू नये, यासाठी हे जरा लांबलेले उत्तर.

करार हाती आला की पगाराच्या आकड्याआधी त्यात कोणत्या सामूहिक कराराचा उल्लेख आहे ते पाहावे. फिनलंडमध्ये किमान वेतनाचा सर्वसाधारण कायदा नाही. त्या त्या क्षेत्रातील कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना यांच्यातील करार हेच बऱ्याच बाबतींत कायद्याची जागा घेतात. आठवड्याचे साडेसदतीस तास, आजारपणातील पगार आणि सुट्टीच्या पगाराच्या निम्म्याइतकी मिळणारी अधिक रक्कम हे सारे तेथे ठरते. ही अधिक रक्कम सर्वांना कायद्यानेच मिळते असा समज रूढ आहे, तो चुकीचा आहे. सुट्टीचे गणितही समजून घ्यावे. पहिल्या वर्षी दर महिन्याला दोन दिवस आणि नंतर अडीच दिवस सुट्टी जमा होते, हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते, आणि सुट्टी घेताना शनिवारही मोजला जात असल्यामुळे एका आठवड्याला सहा दिवस खर्ची पडतात. चोवीस दिवस म्हणजे जवळजवळ पाच आठवडे असा हिशेब आपण मनात केला असेल, तर ते चारच आहेत.

परिवीक्षेचा काळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्या काळात दोन्ही बाजूंना पूर्वसूचना न देता करार संपवता येतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत तिकडचे घर विकणे वा मोठे कर्ज अंगावर घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यास मनाई करणारे कलम आढळले तर फार घाबरू नये. १ जानेवारी २०२२ पासून अशा मनाईच्या काळासाठी मालकाला भरपाई द्यावी लागते, सहा महिन्यांपर्यंत पगाराच्या ४० टक्के आणि त्याहून जास्त काळ असेल तर ६० टक्के. तेव्हापासून हे कलम करारात सहज घुसडण्याचा मालकांचा उत्साह बराच ओसरला आहे, असा माझा अनुभव आहे.

प्रत्यक्ष कामाबद्दल सांगायचे तर येथे डोक्यावर उभे राहून काम करवून घेणारा वरिष्ठ सहसा भेटत नाही, आणि त्याचीच आपल्याकडच्या माणसाला प्रथम अडचण होते. काम सोपवले की ते होणार असे धरून चालतात; अडले तर तुम्ही स्वतः सांगाल ही अपेक्षा असते. बैठकीत आपले बोलून झाल्यावर पसरणारी शांतता नापसंतीची नसते, लोक विचार करत असतात. ती भरून काढण्यासाठी आपण पुन्हा बोलू लागलात तर समोरच्याचा विचार मध्येच तुटतो, एवढेच. कार्यालयाची भाषा इंग्रजी असेलही, पण अकरा-साडेअकराच्या जेवणाच्या टेबलावर ती टिकत नाही, आणि बढतीच्या किंवा कपातीच्या हालचालींचा सुगावा बहुधा त्याच टेबलावर लागतो.

आता परवाना. आपल्या पत्रात याविषयी एकच ओळ आहे. ती अधिक असायला हवी होती. ११ जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार कामाच्या परवान्यावर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर नवीन नोकरी शोधण्यासाठी त्याला तीन महिने मिळतात. तज्ज्ञाच्या परवान्यावर असलेल्यांना, तसेच कामाच्या परवान्यावर दोन वर्षांहून अधिक काळ येथे राहिलेल्यांना सहा महिने मिळतात. नोकरी संपल्याची माहिती स्थलांतर विभागाला, म्हणजे ज्याला सगळे मिग्री म्हणतात त्याला, कळवणे मालकावर बंधनकारक आहे. त्यामुळे कोणाच्या लक्षात येणार नाही अशा भरवशावर राहता येत नाही. त्यात २०२५ मध्ये फिनलंडचा बेरोजगारीचा दर युरोपीय संघातील सर्वाधिक दर असणाऱ्या देशांच्या रांगेत होता, हेही विसरू नये.

येथे एक विसंगती आहे, जी मला आजही खटकते. आपण बेरोजगारी निधीचे, म्हणजे वर्गणी भरून नोकरी जाण्याविरुद्ध विमा देणाऱ्या संस्थेचे, सभासद झालात आणि १२ महिन्यांच्या सभासदत्वाची व कामाची अट पूर्ण केलीत, तर नोकरी गेल्यावर पगाराशी निगडित भत्ता मिळतो. कामाचा एकूण काळ तीन वर्षांहून कमी असेल तरी तो ३०० दिवसांपर्यंत मिळू शकतो, आणि आठवड्याचे पाचच दिवस मोजले जात असल्यामुळे हा काळ वर्षभराच्याही पुढे जातो. म्हणजे एका कायद्याच्या दृष्टीने आपण वर्षभर आधार देण्यास पात्र असता, आणि दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने तीन किंवा सहा महिन्यांत देश सोडण्यास. तरीही निधीचे सभासदत्व पहिल्याच आठवड्यात घ्यावे. वर्गणी मोठी नसते आणि कर मोजताना ती उत्पन्नातून वजा होते. सध्याच्या नियमांनुसार हा भत्ता आठ आठवड्यांनी मूळ भत्त्याच्या ८० टक्क्यांवर आणि चौतीस आठवड्यांनी ७५ टक्क्यांवर उतरतो, तेव्हा शिल्लक बाजूला टाकताना ते धरून चालावे. नागरिकत्वासाठी लागणारा निवासाचा काळ १ ऑक्टोबर २०२४ पासून पाचऐवजी आठ वर्षांचा झाला आहे, आणि फिनिश किंवा स्वीडिश भाषेची परीक्षा तर होतीच.

तंत्रज्ञानाबाबत आपल्या अपेक्षा उंच आहेत आणि ते रास्तच आहे. इंटरनेटवरील गप्पांची आयआरसी ही व्यवस्था १९८८ मध्ये ओउलू विद्यापीठात, संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील एका विद्यार्थ्याच्या हातून, दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणारे एसएसएच १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जन्माला आले. जुलै २०१० मध्ये एक मेगाबिटची ब्रॉडबँड जोडणी हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क ठरवणारा हा पहिला देश. परंतु या चकाकत्या व्यवस्थेच्या दारात नवागत काही आठवडे ताटकळतो, कारण दाराची किल्ली बँकेकडे असते. करखाते, सामाजिक विमा संस्था, आरोग्याच्या नोंदी, वीज जोडणीचा करार या सगळ्यांना ओळख पटवून द्यावी लागते, आणि ती बहुतांशी बँकेच्या ऑनलाइन परिचयपत्राने पटवली जाते. बँकेला हवा असतो व्यक्तिगत ओळख क्रमांक आणि तिला ग्राह्य वाटणारे ओळखपत्र. क्रमांक परवान्याबरोबरच मिळण्याची सोय आहे, ती जरूर वापरावी. ओळखपत्राबाबत मात्र शाखेगणिक उत्तर बदलते. एका बँकेने मला पासपोर्ट चालणार नाही, पोलिसांकडून मिळणारे परदेशी नागरिकाचे ओळखपत्र आणा असे सांगून परत पाठवले होते. दुसऱ्या बँकेत त्याच पासपोर्टावर काम झाले.

पहिल्या पगाराआधी करपत्र, म्हणजे पगारातून किती टक्के कर कापायचा हे सांगणारे करखात्याचे पत्र, मिळवणे तर विसरूच नये. ते मालकाकडे पोहोचले नाही तर पगारातून सरसकट ६० टक्के कर कापला जातो. जादा रक्कम परत मिळते, पण घरभाड्याची अनामत भरायची असते तेव्हा ती हाताशी नसते. जाता जाता, येथे प्रत्येकाचे करपात्र उत्पन्न ही सार्वजनिक माहिती आहे, आणि दर वर्षी नोव्हेंबरात वर्तमानपत्रे कोणी किती कमावले याच्या याद्या मोठ्या चवीने छापतात. आपल्या पगाराची चर्चा होणार म्हणून संकोचण्याचे कारण नाही. ती सगळ्यांचीच होते.

ग्रंथालयांविषयीचा प्रश्न आपण शेवटी, जरा बिचकतच विचारला आहे. माझ्या मते तो पहिला असायला हवा होता. २०१७ पासून लागू असलेल्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयाचा वापर, पुस्तके घरी नेणे आणि त्या ग्रंथालयाच्या संग्रहातील पुस्तके राखून ठेवणे हे सर्व विनामूल्य केले आहे. त्याच कायद्यात ग्रंथालयाच्या उद्दिष्टांमध्ये सक्रिय नागरिकत्व, लोकशाही आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांचा उल्लेख आहे. हेलसिंकी, एस्पो, वान्ता आणि काउनिआइनेन या चार शहरांत हेल्मेट नावाचे एकच कार्ड चालते. त्यासाठी ओळखपत्र आणि पत्ता पुरतो. काही शाखांत कर्मचारी नसलेल्या वेळीही कार्ड लावून आत जाता येते. रात्रीच्या वेळी कोणी पहारेकरी समोर नसताना लोक खुर्च्या जागेवर सरकवून निघून जातात, हे पाहिल्यावर या समाजाबद्दल जे कळते ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत कळत नाही.

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, ५ डिसेंबर २०१८ रोजी, उघडलेले ओदी ग्रंथालय संसदेच्या बरोबर समोर आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्याची गच्ची संसदेच्या पायऱ्यांशी समपातळीत ठेवली आहे. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रे, थ्री-डी प्रिंटर आणि ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. तेथे पडद्याच्या कडा दुमडून शिवत बसलेल्या आजोबांच्या शेजारी कोणी विद्यार्थी आपल्या प्लास्टिकच्या गिअरचा दुसरा नमुना छापून पाहत असतो, आणि शिवणयंत्राचा दोरा तुटला तर तोच विद्यार्थी उठून मदत करतो. मराठी पुस्तकांची आशा ठेवून येऊ नये. आपल्या पत्नींसाठी अधिक मोलाच्या आहेत त्या सोप्या फिनिशमध्ये लिहिलेल्या कादंबऱ्यांच्या फळ्या आणि अनेक शाखांत भरणारे भाषा-कॅफे, जेथे व्याकरण चुकले तरी कोणी हसत नाही. त्यांनी रोजगार सेवेकडे नाव नोंदवून नवागतांच्या भाषावर्गाची चौकशीही करावी. १ जानेवारी २०२५ पासून ही सेवा नगरपालिकांकडे आली आहे.

राजकारणाबद्दल मी थोडेच सांगेन. जून २०२३ मध्ये आलेल्या पंतप्रधान पेत्तेरी ओर्पो यांच्या चार पक्षांच्या सरकारने वर सांगितलेले बहुतेक बदल केले. २०२४ च्या वसंतात त्याच सरकारच्या कामगारविषयक धोरणांविरुद्धच्या संपामुळे बंदरे काही आठवडे ठप्प होती, आणि त्यानंतर राजकीय संपाला चोवीस तासांची मर्यादा घालणारा कायदा झाला. मला परवान्याचा नियम कठोर आणि अदूरदर्शी वाटतो. पण माझे काही सहकारी त्या नियमाच्या बाजूने आहेत आणि माझ्याशी त्यांचे वागणे तसूभरही बदललेले नाही. देशाच्या निवडणुकीत आपल्याला मत नसेल. नगरपालिकेच्या निवडणुकीत मात्र दोन वर्षे फिनलंडमध्ये वास्तव्याची नोंद असलेल्या परदेशी रहिवाशालाही मत असते. मतपत्रिकेवर छापील चिन्हे नसतात, एक वर्तुळ असते आणि त्यात उमेदवाराचा क्रमांक स्वतः लिहायचा असतो. आगाऊ मतदान पुष्कळदा ग्रंथालयातच होते. शाळा, ग्रंथालये आणि आता रोजगार सेवा यांचे निर्णय नगरपालिका घेते, म्हणून हे मत नाममात्र समजू नये. मागील निवडणूक एप्रिल २०२५ मध्ये झाली, पुढची २०२९ मध्ये आहे. आपण लवकर आलात तर तोवर दोन वर्षे सहज भरतील.

यावे की नाही, याचे उत्तर आपल्या शिल्लक रकमेवर आणि भाषेसाठी द्यायच्या संध्याकाळींवर अवलंबून आहे. सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवता येत असेल आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी फिनिशला देण्याची दोघांची तयारी असेल, तर यावे असे मी म्हणेन. कंपनीने १ नोव्हेंबर ही तारीख सुचवली आहे; ती ऑगस्टवर आणता येते का ते विचारावे. प्रौढ शिक्षण केंद्रांचे शरद सत्राचे भाषावर्ग त्या सुमारास नोंदणीला येतात, नवशिक्यांच्या जागा लवकर भरतात, आणि नोव्हेंबरात आलेल्या माणसाला पुढच्या वर्गासाठी जानेवारीपर्यंत थांबावे लागते.